दात कुणाचा, प्रश्न कोणता

एमडीएसच्या पहिल्या वर्षाची सिनॉप्सिस भरायची तारीख जवळ आली की मुलं ओरल सर्जरी डिपार्टमेंटच्या दारात बाटल्या घेऊन उभी राहतात. कुणाला चाळीस दात हवे असतात, कुणाला ऐंशी. तुझंही तेच चाललंय असं तुझ्या आईकडून कळलं, म्हणून लिहिते आहे. मावशी म्हणून नाही, जुनी मास्तरीण म्हणून. निवृत्त माणसाच्या सांगण्याला सिलॅबस नसतो. जसं आठवेल तसं सांगेन, तुझ्या कामाचं असेल ते उचल.

आधी बाटली खाली ठेव आणि तुला नेमकं काय विचारायचंय ते एका ओळीत लिहून काढ. दोन बाँडिंग एजंटांपैकी सरस कोणता, हा एक प्रश्न. यातला एक एजंट माणसाच्या दाढेवर किती ताण सोसेल, हा वेगळा प्रश्न. अमुक वार्निश लावलं तर कीड पुढे सरकायची थांबते का, हा तिसरा. पल्प उघडा पडला तर तो आपसूक भरून येतो का, हा चौथा. चौघांना दात वेगवेगळे लागतात, आणि चौथ्याला तर सुटा दात पुरतच नाही, त्याच्यामागे जिवंत प्राणी लागतो. मुलं उलटं करतात. फ्रिजमध्ये जे दात पडलेत त्यांना शोभेल असा प्रश्न बेततात आणि मग डिस्कशन लिहिताना घाम फुटतो.

माणसाचे चांगले दात मिळणं आता अवघड झालंय, ही तक्रार खरी आहे. रूट कॅनल गावोगाव पोचलं, त्यामुळे पूर्वी सरसकट उपटले जाणारे दात आता वाचतात. ही आनंदाचीच गोष्ट आहे, फक्त प्रयोगशाळेची पंचाईत होते. जे निघतात ते किडलेले, तुटलेले किंवा हिरड्या गेल्यामुळे हलायला लागलेले. न किडलेले म्हणजे ऑर्थोवाल्यांनी तारेसाठी काढलेल्या उपदाढा आणि रुतून बसलेल्या अक्कलदाढा. समोरचा पटाशीचा दात धडधाकट असताना कोण काढून देईल? आणि बाँड स्ट्रेंथ मोजायला, रंग तपासायला, घासायला सपाट पृष्ठभाग लागतो, तो उपदाढेवर फार थोडा मिळतो.

म्हणून जगभरच्या प्रयोगशाळा गुरांकडे वळल्या. गुराचा पटाशीचा दात रुंद, बऱ्यापैकी सपाट, एका वेळी भरपूर मिळणारा, आणि एकाच कळपातला असेल तर सारख्या चाऱ्यावर वाढलेला. जपानच्या नाकामिची, इवाकू आणि फुसायामा यांनी १९८३ साली माणसाच्या आणि गुराच्या दातांवर सिमेंटं आणि कॉम्पोझिटं चिकटवून ओढून पाहिली. इनॅमलवर आणि डेंटिनच्या वरच्या थरावर दोन्हींत संख्याशास्त्राच्या दृष्टीनं फरक निघाला नाही, मात्र गुराच्या दातांची सरासरी नेहमी जराशी खाली राहिली. डेंटिन जसं खोल घासत गेले तशी गुराच्या दातावरची पकड चांगलीच घसरली. हा निबंध प्रत्येक जण उद्धृत करतो. त्यातलं पहिलं वाक्य घेतात आणि दुसरं, खोलीबद्दलचं, सोडून देतात. तू दोन्ही घे.

आता प्रत्यक्ष जबड्याकडे. तू शहरात वाढलीस, म्हणून सांगते: गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. तिथे कडक गादी असते आणि खालचे दात त्या गादीवर टेकून गवत तोडतात. खालच्या जबड्यात पुढे आठ दात दिसतात, त्यातले कडेचे दोन खरं तर सुळे आहेत, पण त्यांनी पटाशीचं रूप घेतलेलं असतं. तेव्हा थीसिसमध्ये ‘म्हशीचे वरचे पटाशीचे दात वापरले’ असं कुणी लिहिलं असेल, तर त्यानं जबडा पाहिलेलाच नाही. कडेचा सुळा वापरायचा की नाही हे आधी ठरव आणि ठरवलेलं लिही. मी तरी मधल्या दोन जोड्या घेईन. त्या सगळ्यांत रुंद असतात.

वय ओळखायला पुस्तक उघडण्याआधी बैलबाजारात जा. तिथला कुठलाही शेतकरी जनावराचा खालचा ओठ खाली ओढतो आणि क्षणात सांगतो: आदत, दुसा, चौसा, सहादाती, जुळलेलं. आदत म्हणजे सगळे दुधाचे दात. दुसा म्हणजे मधली पक्की जोडी आली. पुढे एकेक जोडी वाढत जाते, आणि आठही पक्के झाले की जनावर जुळलं. गाईबैलांत पहिली जोडी दोन वर्षांच्या आसपास येते, म्हशीला त्याहून उशीर लागतो. आदत जनावराचे दात तुझ्या कामाचे नाहीत. दुधाचे दात लहान, इनॅमल पातळ, आणि पक्क्या दातांबरोबर एकाच डब्यात पडले तर मग तुझा निष्कर्ष कशाबद्दल आहे हे तुलाच सांगता येणार नाही.

चिकटवण्याच्या चाचण्यांसाठी आयएसओचा ११४०५ क्रमांकाचा तांत्रिक दस्तऐवज आहे. तो डिपार्टमेंटमध्ये नसेल तर लायब्ररीतून काढून घे. त्यात गुराचे खालचे पटाशीचे दात चालतात, पण जनावर पाच वर्षांहून मोठं नको असं म्हटलंय. माणसाचे दात असतील तर शक्यतो १६ ते ४० वयाच्या लोकांच्या अक्कलदाढा. दोन्ही अटींमागचं कारण एकच. वय वाढलं की डेंटिनच्या नळ्या भरत जातात, दात झिजतो, आणि त्याच दाताचं पदार्थ म्हणून वागणं बदलतं.

महाराष्ट्रात या पाच वर्षांच्या अटीची एक खास अडचण आहे. १९७६ चा प्राणी संरक्षणाचा कायदा २०१५ पासून कडक झाला आणि गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हणजे आपल्याकडे कायदेशीर मार्गानं मिळणारा ‘बोवाइन’ दात म्हशीचा किंवा रेड्याचा. आणि कत्तलखान्यात येणारं जनावर बहुतेकदा दूध आटलेलं, कामातून गेलेलं, म्हणजे वयस्कच. दात झिजून आखूड झालेले, वरून डेंटिन उघडं पडलेलं. दहा जबडे पाहशील तेव्हा दोन कामाचे निघतील, तेवढी तयारी ठेव. तेही शेवटी गुराचेच दात आहेत, पण पेपरांतले बहुतेक दात गाईबैलांचे असतात. म्हणून मटेरियल्स अँड मेथड्समध्ये मोघम ‘बोवाइन’ लिहू नकोस. म्हैस असेल तर म्हैस लिही. परदेशी पेपरांतही हा घोळ आहेच. ब्राझीलच्या विद्यापीठांतून गुरांच्या दातांवर भरपूर काम झालंय. तिथली मोठी गोसंख्या नेलोर जातीची आहे आणि तिचे पूर्वज आपल्या आंध्रातल्या ओंगोल गाई. तेव्हा ब्राझीलचा निबंध आणि युरोपचा निबंध दोन्हीकडे ‘बोवाइन’ छापलेलं असलं, तरी दात एकाच वंशाचा असेलच असं नाही.

खाटकाकडे जाशील तेव्हा दोन प्रश्न विचार. पहिला: जनावर तपासून कापलं का? आपोआप मेलेल्या जनावराची मुंडी कुणी फुकट दिली तरी घेऊ नकोस. ब्रुसेलोसिस, क्षय, रेबीज ही जनावरांकडून माणसात येणारी दुखणी आहेत, आणि मुंडी हाताळताना लाळ नि रक्त दोन्हींशी संबंध येतो. हातमोजे, गॉगल, मास्क, सगळं घाल, खाटीक उघड्या हातानं करत असला तरी. दुसरा प्रश्न: मुंडीला उष्णता लागली का? हे शेळीच्या बाबतीत जास्त महत्त्वाचं. आपल्याकडे मुंडी रश्शासाठी जाळावर भाजतात, केस जाळून काढतात. भाजलेल्या मुंडीतला दात वरून पांढरा नि स्वच्छ दिसतो, पण आतलं कोलॅजन बिघडलेलं असतं. असा दात शोकेसमध्ये चालेल. मऊ मांस सुटावं म्हणून दात उकळून आणतात, तेही नको.

म्हशीच्या खालच्या दातांची एक गंमत आहे. ते मुळात थोडे हलतेच असतात. गवत तोडताना गादीवर आघात होऊ नये म्हणून निसर्गानं ती सोय केलीय. त्यामुळे ताज्या जबड्यातून ते एलिव्हेटरनं सहज सुटतात. हातोडी घेऊन जबडा फोडायला जाऊ नकोस, इनॅमलला चरे पडतात. काढल्या काढल्या मुळावरचं मांस स्केलरनं साफ कर, मुळाच्या बाजूनं पल्प काढून टाक. पल्प आत कुजला की डेंटिन डागाळतं.

आता माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं. गुराच्या दाताचं इनॅमल माणसाच्या इनॅमलपेक्षा कमी काळात बनतं. त्यातले स्फटिक मोठे असतात, रचना जास्त सच्छिद्र असते. आम्लात ठेवलं तर त्यात कृत्रिम कीड लवकर उतरते. फेदरस्टोन आणि मेलबर्ग यांनी १९८१ मध्ये गुराचं, मेंढीचं आणि माणसाचं इनॅमल शेजारी शेजारी ठेवून हा वेगाचा फरक दाखवला. मग गुराचा दात बाद का? अजिबात नाही. बाजारातला एखादा काटा किलोमागे पन्नास ग्रॅम कमी दाखवत असेल, तरी दोन पोत्यांतलं जड कुठलं ते तो बिनचूक सांगतो. गुराच्या दाताचं तसंच आहे. अ वार्निशनं कीड जास्त थोपवली की ब वार्निशनं, हे तो सांगेल. माणसाच्या तोंडात किती महिने थोपेल, हे त्याला विचारू नकोस. एजंटांची क्रमवारी घे, आकडा माणसावर लादू नकोस. आणि काटा मध्येच बदलायचा नाही. एका गटाला म्हशीचे दात, दुसऱ्याला माणसाचे, आणि फरक निघाला तो एजंटचा, असं कुणी मांडलं की मला तिथेच वाचन थांबवावंसं वाटतं.

सोय असेल तर एक गोष्ट कर. मुख्य प्रयोग म्हशीच्या दातांवर, आणि त्याच एजंटांचा लहानसा प्रयोग माणसाच्या अक्कलदाढांवर. दोन्हीकडे क्रमवारी तीच आली तर तुझ्या निष्कर्षाला बळ येतं. उलटी आली तर ते त्याहून मोलाचं. तेव्हा घाबरून माणसाचे आकडे गाळू नकोस, कारण शोधायला लाग.

डेंटिनबद्दल मात्र माझं ठाम मत आहे: जनावर कोणतं यापेक्षा थर कोणता हे आधी बघ. माणसाच्याच दातात गार्बेरोलियो आणि ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९७६ मध्ये मोजलं होतं, पल्पजवळ चौरस मिलिमीटरला सुमारे ४५,००० नळ्या, प्रत्येकीचा व्यास साधारण २.५ मायक्रोमीटर, बाहेर इनॅमलच्या सीमेजवळ सुमारे २०,००० आणि व्यास ०.९. म्हणजे एकाच दाढेत वरून खाली आलीस की पदार्थच बदलला. गुराच्या आणि माणसाच्या नळ्यांची तुलना करणाऱ्या निबंधांत एकवाक्यता नाही. त्यातला कुठला खरा यावर वाद घालण्यापेक्षा तू स्वतः किती खोलीवर घासलंस ते मोजून लिही. शिवाय तरुण म्हशीच्या दातात पल्पची पोकळी मोठी असते. बाहेरून दात जाड वाटतो, घासत गेलीस की अचानक गुलाबी सावली दिसते नि पोकळी लागते. आधी एक्स-रे काढ. कॅलिपरनं जाडी मोजत घास.

घासताना पाणी कायम हवं. ४०० ग्रिटचा कागद, आणि तोच सगळ्यांना. प्रत्येक तीन-चार दातांनी कागद बदल, नाहीतर पहिल्या आणि शेवटच्या गटाच्या पृष्ठभागात फरक पडतो आणि तो फरक एजंटच्या नावावर जमा होतो. इनॅमल उरलंय की डेंटिन लागलं हे ओलेपणी ओळखू येत नाही. हवेनं क्षणभर कोरडं कर, भिंगाखाली बघ: इनॅमल चकाकतं, डेंटिन निस्तेज नि पिवळसर दिसतं. बघून झालं की लगेच ओलं कर.

साठवणीबद्दल बोलायचं तर दात सुकू देणं हा सगळ्यांत वाईट गुन्हा. आयएसओ सांगतं ते असं: आधी फार तर आठवडाभर ०.५ टक्के क्लोरामाइन-टी, मग ४ अंशांवर डिस्टिल्ड वॉटर, पाणी अधूनमधून बदलायचं. दात शक्यतो महिन्याभरात वापरायचे, सहा महिन्यांपलीकडचे वापरायचे नाहीत. सीनियरनं पास होताना ‘हे घे, माझे उरलेत’ म्हणून दिलेली बाटली म्हणजे मोहाचं झाड. त्यावर तारीख नसेल तर ती बाटली बीडीएसच्या मुलांना कॅव्हिटी कापायच्या सरावाला दे. फॉर्मेलिनमध्ये ठेवलेला दात जंतूंच्या दृष्टीनं सुरक्षित होतो, पण कोलॅजन त्यात जखडून जातं, मग बाँडिंगचा प्रयोग कशावर केलास? ऑटोक्लेव्हनंही डेंटिनवर परिणाम होतो असं दाखवणारे निबंध आहेत. निर्जंतुक करायचंच असेल तर सगळ्या गटांना एकच पद्धत. आणि अमाल्गम भरलेला दात ऑटोक्लेव्हमध्ये कधीच घालू नकोस, पाऱ्याची वाफ सुटते.

माणसाचा दात म्हटला की सगळं सुरळीत, असं मुलांना वाटतं. कुठल्या माणसाचा? यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या भागांतल्या कित्येक गावांच्या विहिरींत आणि हातपंपांत फ्लोराइड जास्त आहे. तिथे वाढलेल्या मुलाच्या दातावर फ्लोरोसिसचे पट्टे असतात, आणि असं इनॅमल फॉस्फोरिक आम्लानं नेहमीसारखं खोदलं जात नाही. ऑर्थोची उपदाढ चौदा वर्षांच्या मुलीची आणि हिरड्या गेलेली दाढ साठीच्या आजोबांची, दोन्हींवर ‘माणूस’ एवढंच लेबल लागलं तर तुझ्या गटांतला फरक म्हशी-माणसाहून मोठा असू शकतो. मिश्री लावणाऱ्या बाईचा दात ब्लीचिंगच्या प्रयोगात घेतलास तर तू रंग मोजत नाहीस, तंबाखू मोजते आहेस. म्हणून दात हाती येतो तेव्हाच वय, गाव, काढण्याचं कारण नि तारीख कागदावर उतरव. नाव लिहू नकोस, सांकेतिक क्रमांक दे. संमतीपत्र दात काढण्याआधी घ्यायचं असतं. दात बाटलीत पडल्यावर रुग्णामागे धावत नाही कुणी.

मोजणीचा एक सापळा आहे, त्यात हुशार मुलं जास्त अडकतात. एका म्हशीचे आठ दात म्हणजे आठ स्वतंत्र नमुने नव्हेत. त्या सगळ्यांनी एकच चारा खाल्ला, एकच वय गाठलं. पहिल्या म्हशीचे आठही दात अ गटात आणि दुसरीचे ब गटात गेले, तर तुझी अनोव्हा दोन म्हशींमधला फरक मोजेल, नि तू त्याला एजंटचा फरक म्हणशील. प्रत्येक जबड्यातले दात सगळ्या गटांत सारखे वाटून टाक. एका रुंद दातातून तीन तुकडे कापलेस तरी तेच, तिन्ही वेगळ्या गटांत जाऊ देत. स्टॅटिस्टिशियनला टेबल पाठवताना जनावराचा क्रमांक असलेला रकाना ठेव, तो विचारणार नाही, तूच सांग.

दुसरी जनावरं. तुझ्या विषयाला त्यांची गरज पडणार नाही बहुधा, पण परीक्षक विचारतात.

उंदीर. पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यांना इनॅमल फक्त ओठाच्या बाजूनं असतं आणि त्यात लोह असल्यामुळे ते नारिंगी दिसतात. त्यावर माणसाच्या पटाशीचा निष्कर्ष काढणं म्हणजे विनोद. पण त्याच्या दाढा वाढत्या नसतात, खाचा असतात, कीड लागते, म्हणून कीड समजून घ्यायला उंदीर फार उपयोगी पडला. तरी त्या दाढांच्या टोकांवर काही ठिकाणी मुळात इनॅमलच नसतं, हे स्लाइड बघताना लक्षात ठेव. नवखा माणूस त्यालाच झीज समजतो. ऑर्लंड आणि सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांना साखरेचं खाणं दिलं, कीड लागली नाही. साखर एकटी पुरत नाही, जंतू लागतातच, हे तेव्हा पक्कं झालं. मग १९६५ मध्ये काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झजेराल्ड यांनी उंदरांच्या दाढांचा पल्प मुद्दाम उघडा केला. साध्या उंदरांत पल्प कुजला, जंतुविरहित उंदरांत जखमेवर डेंटिनचा पूल तयार झाला. आज तू रबर डॅम लावून रूट कॅनल करतेस त्यामागे त्या उंदरांचा वाटा आहे. हा प्रश्न म्हशीच्या सुट्या दाताला विचारता आला नसता. इथे जिवंत ऊतक आणि जंतू असण्या-नसण्याची खेळी लागत होती.

कुत्रा. त्याला कीड क्वचित लागते, लाळ अल्कधर्मी असते. पण हिरड्यांच्या आजारात तो माणसाजवळचा. लिंडे, हांप आणि ल्यो यांनी बीगल कुत्र्यांवर चार वर्षं प्लाक साठू देऊन पेरिओडॉन्टायटिस कसा वाढतो ते १९७५ मध्ये मांडलं. डुकराला ४४ दात, दुधाचे नि पक्के असे दोन संच, दाढांचा आकार ओळखीचा. इम्प्लांट नि हाडाच्या कामात त्याचा उपयोग जास्त.

आणि शार्क, माझा सगळ्यांत आवडता. शार्कच्या दाताचं बाहेरचं कवच म्हणजे जवळजवळ शुद्ध फ्लुओरअॅपॅटाइट. फ्लोराइड जितकं दातात भरलेलं तितका दात अभेद्य, असा एके काळी समज होता. नॉर्वेच्या ओगार्ड आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये शार्कच्या दाताचे तुकडे माणसांच्या तोंडात उपकरणावर बसवले आणि त्यावर प्लाक साठू दिला. तेही विरघळले, माणसाच्या इनॅमलहून कमी, पण विरघळले. दातात कोंबलेल्या फ्लोराइडपेक्षा दाताभोवतीच्या द्रवात सतत थोडं फ्लोराइड असणं जास्त मोलाचं, या विचाराला त्यातून मोठा आधार मिळाला. पेस्टनं रोज दोनदा घासा असं आपण रुग्णाला का सांगतो, याचं एक उत्तर एका माशाच्या दातात आहे. बघ, इथे परका दात का घेतला? तो माणसासारखा आहे म्हणून नव्हे. माणसाच्या दातात कधीच मिळणार नाही असं टोक त्याच्यात मिळालं म्हणून. असं कारण लिहिता आलं की परीक्षकाच्या भुवया खाली येतात.

जिवंत प्राण्यावर काही करायचं तर कॉलेजच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते, नि त्यात महिने जातात. कत्तलखान्यातून आणलेल्या दातांसाठी जनावर तुझ्याकरता मारलेलं नसतं, तरी समितीला लेखी कळवून उत्तर फाइलला लाव. माणसाच्या दातांसाठी दुसरी समिती, एथिकल कमिटी. दोन्ही अर्ज दात गोळा करण्याच्या आधी द्यायचे असतात. तारखा उलट्या पडल्या तर जर्नल परत पाठवतं.

लिहिताना शीर्षकातच जनावर येऊ दे. ‘म्हशीच्या इनॅमलवर’ हे शब्द शीर्षकात असले की वाचणारा फसत नाही. जनावराचं अंदाजे वय आणि ते कशावरून ठरवलं, कुठला दात, दाताची कुठली बाजू, किती खोली, साठवण कशात आणि किती दिवस, थर्मोसायकलिंग केलं असेल तर किती फेऱ्या, ५ आणि ५५ अंशांच्या पाण्यात प्रत्येकी किती सेकंद, हे सगळं लिही. दुसऱ्या पेपरातले मेगापास्कल आपल्या आकड्यांशेजारी ठेवून ‘आमचा एजंट श्रेष्ठ’ असं लिहू नकोस. चाचणी शिअरची की मायक्रोटेन्साइलची, जोडाचं क्षेत्रफळ किती, यावरच आकडा दुप्पट-तिप्पट होतो. शेवटच्या परिच्छेदात ‘क्लिनिकमध्ये वापरण्याची शिफारस’ हे वाक्य गाइडनं घालायला सांगितलं तर आदबीनं विचार, म्हशीच्या शिफारशीवर का?

व्हायव्हात पहिला प्रश्न ठरलेला असतो: माणसाचे दात का घेतले नाहीत? ‘मिळाले नाहीत, मॅम’ हे उत्तर खरं असलं तरी देऊ नकोस. म्हण, मला क्रमवारी हवी होती, त्यासाठी एका वयाचे, एका जातीचे, रुंद पृष्ठभागाचे दात हवे होते, आणि माणसांवरचा छोटा प्रयोग जोडलाय. दुसरा प्रश्न बहुधा वरच्या जबड्याबद्दल असेल. तिथे हसू नकोस, शांतपणे गादीबद्दल सांग.

उरलेले माणसाचे दात पिवळ्या पिशवीत जातात, अमाल्गमवाले वेगळे ठेवून पाऱ्याच्या कचऱ्याचे नियम विचार. म्हशीचे जबडे त्याच दिवशी परत कर किंवा कॉलेजच्या व्यवस्थेतून टाक, हॉस्टेलच्या कचराकुंडीत नको, कुत्री गेटपर्यंत ओढत आणतात. आणि डिपार्टमेंटच्या ज्या फ्रिजमध्ये सिस्टर डबे ठेवतात त्यात तुझी बाटली ठेवू नकोस. स्टोअरकीपरला सांगून वेगळा कप्पा माग, बाटलीवर जनावर, दात, तारीख नि तुझं नाव पक्क्या शाईनं लिही.